उभ्या गाडीला वारा नसतो

रेल्वेचं फाटक पडलं की मोटरसायकली बंद होतात. तिथे पाटी नसते, हवालदार नसतो, कुणी कुणाला सांगत नाही. वर्ध्याच्या आसपासच्या आडरस्त्यांवर अशी फाटकं अजून भेटतात. मे महिन्यातली दुपार असते, ऊन मी म्हणत असतं, डांबरावरची हवा थरथरत वर जात असते. एकेक गाडी येऊन रांगेत लागते, किल्ली फिरते, स्टँड पडतो. कुणी बाभळीच्या विरळ सावलीत सरकतं, कुणी तोंडावरचा दुपट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधतं. मालगाडीला अजून अवकाश असतो. मग गाड्यांच्या पोटाखालून बारीक टिकटिक ऐकू येऊ लागते. आधी एका गाडीची, मग चारपाच गाड्यांची, प्रत्येकीची लय वेगळी. सायलेन्सरचा वाकडा पाइप आणि इंजिनाचं धड तापून फुगलेलं असतं. आच थांबली की ते निवायला लागतं, आकसतं, आणि आकसताना एकमेकांत घट्ट बसवलेले भाग केसभर सरकतात. त्या सरकण्याचा हा आवाज.

हीच माणसं तासाभराने नागपुरात पोचतात, व्हरायटी चौकातल्या सिग्नलला उभी राहतात, आणि तिथे मात्र किल्लीकडे हात जात नाही. समोर लाल आकडे उलटे मोजत असतात आणि पन्नासेक इंजिनं जागच्या जागी धुगधुगत असतात. फाटकापाशी गाडीला विसावा द्यावा हे ज्याला आपसूक कळतं, त्याला ते चौकात का सुचत नाही, हा प्रश्न मला पुष्कळ उन्हाळे पडत आला आहे. फाटक कधी उघडेल ते ठाऊक नसतं आणि सिग्नलचा आकडा डोळ्यांना दिसतो, एवढंच कारण असावं. दिसणारं थांबणं माणसाला लहान वाटतं. पण तेवढ्या वेळात उभ्या गाडीच्या आत काय काय चाललेलं असतं ते समजून घेतलं, तेव्हापासून मला ते दीड मिनिट लहान वाटत नाही.

मोटरसायकल हे उघड्या इंजिनाचं वाहन. कारचं इंजिन बॉनेटखाली, पाण्याच्या नळ्या आणि पंखा यांच्या बंदोबस्तात राहतं. आपल्याकडच्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांचं इंजिन दोन पायांच्या मधे उघड्यावर बसतं आणि निवायचं कसं हे समोरून येणाऱ्या हवेवर सोडून देतं. त्याच्या अंगाभोवती पातळ पट्ट्यांची उतरंड असते. गॅरेजात त्यांना फिन म्हणतात. सिलिंडर गुळगुळीत ठेवला असता तर त्याला हवेशी भिडायला जेवढी जागा मिळाली असती, तिच्या कित्येक पट जागा या पट्ट्या करून देतात. बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो तो दोन कारणांनी, पसरतो म्हणून आणि आपण फुंकर घालतो म्हणून. फिन म्हणजे ते पसरणं. फुंकर गाडीच्या धावण्यातून यायची असते.

या पट्ट्यांकडे मी फार वेळ पाहत बसू शकते. मुळाशी जाड, टोकाशी पातळ, कारण उष्णता मुळातून येते आणि टोकाला पोचेपर्यंत वाटेत बरीचशी हवेत गेलेली असते. टोकाला तेवढा धातू लागतच नाही. दोन पट्ट्यांमधलं अंतरही कुणी तरी विचार करून ठरवलेलं असतं. जवळ जवळ लावाव्यात तर पट्ट्या जास्त मावतात, पण मधली हवा कोंडते, वाहत नाही. दूर लावाव्यात तर हवा वाहते, पण पट्ट्या कमी बसतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडात फार्नबरोला गिब्सन आणि हेरन या दोघांनी विमानांच्या हवेने निवणाऱ्या सिलिंडरांचा असाच बारकाईने अभ्यास केला होता. त्या मेहनतीचं फळ आज शेताच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या मोटरसायकलीवर दिसतं. काही गाड्यांत फिनांच्या फटीत रबराचे छोटे तुकडे खोचलेले असतात. पातळ पट्टी इंजिनाच्या थरथरीने किणकिणते, तिला गप्प ठेवायला ते रबर. जुनी गाडी धुताना एखादा तुकडा निखळून पडतो आणि मग त्या गाडीचा आवाज थोडा बदलतो. ज्याचा कान तयार आहे त्याला तो लगेच कळतो.

धातूधातूतही फरक असतो. जुन्या बुलेटचा सिलिंडर बिडाचा होता. इंग्लंडातल्या रेडिचच्या ओल्या, थंड हवेसाठी आखलेली ती गाडी १९५५ पासून मद्रासेत बनू लागली आणि तो बिडाचा सिलिंडर पुढे अर्धशतकभर इथल्या उन्हात चालत राहिला. बीड टिकाऊ, पण उष्णता पुढे सरकवण्यात मंद. अॅल्युमिनियमचा मिश्रधातू तेच काम दुप्पट-तिप्पट वेगाने करतो. म्हणून पुढे गाड्यांचे सिलिंडर अॅल्युमिनियमचे आले आणि आत पिस्टन घासतो तेवढ्या जागेपुरतं बिडाचं अस्तर राहिलं.

आमच्या बाबांकडे राजदूत होती. पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सने बनवलेली, १७३ सीसीची, टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागायचं. टू-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा, त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांत राजदूतच्या सिलिंडरवर जाळाचे घाव जास्त. बाबा शेतकी खात्यात होते, गावोगाव हिंडायचे. पावसाळा संपला की फिनांच्या फटीत काळी माती वाळून दगड झालेली असायची. रविवारी सकाळी ते पळाटीची काटकी तासून बारीक करत आणि एकेक फट कोरून काढत. ‘मातीचं पांघरूण घेऊन कोणी उन्हात जाते का?’ असं ते गाडीला विचारत. मला ते गाडीशी बोलणं फार आवडायचं. तापलेल्या इंजिनावर त्यांनी कधी पाणी ओतू दिलं नाही. गरम धातूवर एका बाजूने गार पाणी पडलं की तो एका बाजूनेच आकसतो, त्याने तडा जाऊ शकतो. आणि दुपारी कुठे थांबायचं झालं की सावली पाहायच्या आधी ते वाऱ्याची दिशा पाहत. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावत. मी मागे बसलेली असायचे, मला आधी उतरावं लागायचं, आणि तो वाऱ्याचा शोध मला वेळखाऊ वाटायचा. आता माझ्याही हातून स्कूटर लावताना ते होतं.

आता उभ्या इंजिनाकडे येऊ. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. गाडी धावताना तिच्यातला पावएक हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची उष्णताच होते. थोडी सायलेन्सरमधून बाहेर पडते, थोडी फिनांतून. गाडी उभी राहिली की चाकाचा हिस्सा शून्य होतो. इंजिन मग फक्त स्वतःला चालू ठेवण्यासाठी जळतं, स्वतःचंच घर्षण ओढत राहतं. जे जळेल ते सगळं शेवटी उष्णता. दिलासा एवढाच की जळतं थोडं. शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास मुकाट उभी राहते, म्हणजे मिनिटाला सातशे ठिणग्या कामी येतात, सेकंदाला जेमतेम बारा. प्रत्येक ठिणगीबरोबर आतल्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंशांच्या पार जातं. आणि भोवतालचं अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळणारं. तरी ते वितळत नाही, कारण जाळ क्षणभराचा असतो, धातूच्या भिंतीला लागून वायूचा एक सुस्त थर राहतो, आणि पुढच्याच फेरीत पेट्रोलच्या तुषारांनी भिजलेली ताजी हवा आत येते. पेट्रोल वाफ होताना भोवतीची उष्णता शोषतं. चालत्या गाडीच्या कार्बोरेटरला वरच्या अंगाला हात लावून पाहिला तर भर उन्हाळ्यातही तो भाग गारसर लागतो. इंजिनाच्या इतक्या जवळ गारवा सापडतो याचं मला अजून नवल वाटतं.

पण उभं राहिल्याबरोबर इंजिनाचे सोबती एकेक करून मागे सरतात. वारा पहिल्यांदा जातो. आता फिनांमधली हवा तापून आपोआप वर चढेल आणि खालून दुसरी येईल, तेवढीच हालचाल उरते. ताशी चाळीसच्या वाऱ्यापुढे ती काहीच नाही. मग ऑइल. ऑइल नुसतं वंगण नसतं. पिस्टनखालची, हेडमधली उष्णता उचलून ते खाली नेतं, क्रँककेसच्या धातूला देतं आणि परत वर जातं. ऑइलचा पंप इंजिनाच्याच फेऱ्यांवर फिरतो, त्यामुळे इंजिन मंदावलं की ऑइलच्या खेपाही मंदावतात. शिवाय तापलेलं ऑइल पातळ होतं आणि पातळ झालं की धातूंच्या मधला त्याचा पडदा विरळ होतो. नव्या, बीएस-सहा काळातल्या गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. तो चांगला तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणजे आणखी एक निखारा पायाशी.

या सगळ्यात इंजिन काय करतं? ते तापतं. मला यात मोठं शहाणपण दिसतं. तापलेली वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा जेवढी जास्त गरम, तेवढी ती जास्त वेगाने उष्णता सोडते, हे न्यूटनने सांगून ठेवलं आहे. वारा गेला म्हणून फिनांतून जाणारी उष्णता कमी झाली, तर आतली साठत जाते आणि फिनांचं तापमान वर चढतं. ते वर चढलं की हवेशी असलेला फरक वाढतो आणि उष्णता पुन्हा जास्त सुटू लागते. चढत चढत एक जागा अशी येते की जेवढी बनते तेवढी जाते. तिथे काटा स्थिरावतो. ना त्याला कुणी पंखा लावला, ना पाणी दिलं. थोडं जास्त तापायची तयारी ठेवून इंजिनाने आपला तोल स्वतः सांभाळला. लहान इंजिनाचं हे बरं चालतं, कारण आत बनणारी उष्णता थोडी आणि अंगाची पट्ट्यांमुळे वाढलेली कातडी मोठी. इंजिनाचं आकारमान वाढत जातं तसा हा तोल अवघड होतो. पोट जेवढं वाढतं तेवढी कातडी वाढत नाही.

तोल सुटायला आला की गाडी सांगते. टॅपेटचा आवाज कोरडा होतो. पिकअप जड होतो. स्लो आपोआप वाढलेला जाणवतो. मिस्त्री म्हणूनच गार इंजिनावर स्लो सेट करत नाही, आधी गाडी एक चक्कर फिरवून आणतो. आणि न्यूट्रल सापडेनासं होतं. उन्हाळ्यात सिग्नलला पायाने वर-खाली, वर-खाली करत हिरव्या दिव्याची चाचपणी करणारे स्वार दिसतात. तिथे क्लचप्लेटा तापून एकमेकींना पुरत्या सोडत नसतात. गिअरमध्ये क्लच दाबून धरून उभं राहण्याची सवय त्यात भर घालते.

आमचे मिस्त्री वर्धा रोडला बसतात. चाळीस वर्षं या धंद्यात, हाताच्या रेषांत ऑइल. निवडणुका उन्हाळ्यात आल्या की त्यांचं काम वाढतं. उमेदवाराच्या जीपमागे झेंडे लावलेल्या मोटरसायकलींची रॅली निघते, भर एप्रिलमध्ये, पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, चालणाऱ्या माणसाच्या गतीने. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात क्लच जळालेल्या गाड्या लागतात. मी एकदा त्यांना विचारलं, उन्हानं गाडी बिघडते का? त्यांनी पान्हा खाली ठेवला. म्हणाले, ‘ताई, उन्हानं काई होत नाई तिले. चालती ठेवा, चंद्रपूरपर्यंत जाईन. उभी ठेवून रेस मारान तं मंग हिवाळ्यातबी जाम होईन.’

त्यांचं म्हणणं मी कागदावर मांडून पाहिलं. समजा फिनांचं तापमान १५० अंश आहे. डिसेंबरातल्या दुपारी हवा ३० अंशांची, म्हणजे फरक १२०. मेमध्ये हवा ४५ची, म्हणजे फरक १०५. पंधरा अंशांनी भाजणारा उन्हाळा इंजिनाच्या लेखी फक्त एक-अष्टमांशाचा तोटा आहे. वारा थांबण्याचा तोटा याच्या कितीतरी पुढचा. इंजिन आपल्या हवेपेक्षा इतकं जास्त गरम असतं की आपला थंडी-उन्हाळा त्याला जवळ जवळ सारखाच वाटावा. मिस्त्रींनी हे सूत्र पुस्तकात पाहिलेलं नाही. चाळीस वर्षांच्या गाड्यांमधून त्यांना ते सापडलं आणि त्यांच्या उत्तराइतकं नेमकं उत्तर मला कुठे मिळालं नाही.

उभ्या गाडीच्या वाऱ्यावर माणसांनी नाना उपाय काढले. बजाज चेतकचं इंजिन पत्र्याच्या डब्यात झाकलेलं असायचं, समोरचा वारा त्याला लागायचाच नाही. म्हणून मॅग्नेटच्या चाकावरच पाती घडवली होती आणि वरच्या पत्र्याने तो वारा सिलिंडरभोवती वळवून नेला होता. इंजिन फिरलं की पंखा फिरलाच, मग स्कूटर धावो की उभी राहो. रिक्षांच्या हवेने निवणाऱ्या इंजिनांनाही असाच पंखा. माझ्या आजच्या स्कूटरलाही आहे. सिग्नलला कान दिला तर इंजिनाच्या आवाजाखाली त्याची बारीक सुसू ऐकू येते. मोठ्या गाड्यांना रेडिएटर आला, त्यात पाणी आणि ग्लायकॉलचं कूलंट, वर दाब धरून ठेवणारं झाकण, कारण दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही. ठरलेल्या तापमानाला त्यांचा पंखा एकदम घोंघावत सुरू होतो आणि आतली सगळी उष्णता बाहेर ढकलतो, बहुतेकदा स्वाराच्या आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या पोटऱ्यांवर. हार्ली-डेव्हिडसनच्या काही मोठ्या गाड्यांत याहून निराळी युक्ती आहे. त्यांचे दोन सिलिंडर एकामागे एक. मागच्याला पुढच्याने तापवलेली हवा मिळते आणि स्वाराच्या मांडीजवळ तोच येतो. गाडी उभी असताना इंजिन मर्यादेपलीकडे तापलं की मागच्या सिलिंडरचं पेट्रोलच तोडलं जातं. पिस्टन वरखाली होत राहतो, पण आत जाळ नसतो, नुसती हवा आत येते आणि बाहेर जाते. थ्रॉटल पिळला की दोन्ही पुन्हा पेटतात. अर्ध्या इंजिनाला काम न देता श्वास घेऊ देणारी ही युक्ती मला या सगळ्या उपायांत सगळ्यात सुंदर वाटते.

आणि सगळ्यात साधा उपाय म्हणजे बंद करणं. २०१४ साली स्प्लेंडर आयस्मार्ट आली तिच्यात तो गाडीलाच शिकवला होता. न्यूट्रलमध्ये थोडा वेळ उभी राहिली की आपण होऊन बंद, क्लच दाबला की पुन्हा सुरू. बंद करण्यालाही एक अडचण आहे, ती सांगायला हवी. इंजिन थांबलं की ऑइल थांबतं, आणि हेडमध्ये साठलेली उष्णता काही वेळ आजूबाजूच्या गार भागांत पसरत जाते. जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल त्यामुळे वाफाळायचं आणि मग किक मारून मारून पाय दुखायचा. बाबांची राजदूत भर दुपारी अशी रुसायची. सिग्नलला गाडी बंद न करण्याची आपली सवय बहुधा त्या किकच्या दिवसांतली आहे. आता बहुतेक गाड्यांना बटण आहे, इंजेक्शन आहे, ती भीती संपलेली आहे. सवय मात्र बापाकडून मुलाकडे आली.

हे सगळं मी इंजिनाविषयी लिहिते आहे, पण सिग्नलला उभी असताना माझी नजर हळूहळू इंजिनावरून वर जाते. त्या दीडशे अंशांच्या धातूच्या वर एक माणूस बसलेला असतो, पस्तीस अंशांच्या कातडीचा. त्याच्याकडे फरकाचं भांडवल नाही. भोवतालची हवा ४५ची झाली की न्यूटनचा तोच नियम त्याच्याविरुद्ध उलटतो आणि हवाच त्याला तापवू लागते. तो जास्त तापून तोल साधू शकत नाही. दोन-तीन अंश वर गेलं की ताप, चार-पाच अंश वर गेलं की जीव धोक्यात. त्याच्यापाशी एकच उपाय, घाम. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम झटकन वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता नेतो, पण त्यासाठी अंगात पाणी हवं. जो वारा इंजिनाला जगवतो तोच या माणसाला पोळतो. म्हणून इथली माणसं चालत्या गाडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, पायात मोजे, डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात, खिशात कांदा. परगावच्या पाहुण्यांना हे अजब वाटतं. मेमधल्या लूमध्ये उघड्या हाताने ताशी पन्नासने एकदा गेलं की अजब वाटायचं थांबतं.

सिग्नलला ती लू थांबते, पण वरून ऊन, खालून डांबर आणि मधे आपलंच इंजिन अशी तिहेरी आच लागते. वेधशाळेचा आकडा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर मोजलेला असतो. पेपरात ४५ छापून येतं ते त्या सावलीतलं. भर चौकात उन्हातलं डांबर साठीच्या पुढे असतं आणि त्यावर पन्नास इंजिनं आपापली उष्णता ओतत असतात. प्रत्येकाच्या सायलेन्सरचं तोंड मागच्याच्या पायाकडे. माझ्या शेजारी नेहमी एखादा पोरगा असतो, पाठीवर जेवणाच्या डब्यांची चौकोनी पेटी, मोबाइल हँडलला अडकवलेला, त्यावर पोचायची वेळ. तो गाडी बंद करत नाही. त्याचे सेकंद दुसऱ्या कुणी मोजलेले असतात. चौकाच्या मधे वाहतूक पोलीस उभा असतो, त्याला तर गाडीही नाही आणि हिरवा दिवाही नाही. त्या दोघांना पाहिलं की इंजिनाच्या फिनांवर इतकी वर्षं केलेला विचार मला थोडा अपुरा वाटतो. धातूला किती मिलिमीटरवर दुसरी पट्टी द्यायची हे आपण शंभर वर्षांपूर्वी शोधून ठेवलं. चौकात उभ्या असलेल्या माणसाला सावली किती पावलांवर द्यायची, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.

गेल्या काही उन्हाळ्यांत नागपुरातल्या काही सिग्नलांपाशी हिरवी जाळी ताणलेली दिसू लागली आहे, शेडनेटची, रोपवाटिकेत असते तीच. भर दुपारी काही सिग्नल बंद ठेवण्याचाही उपाय झाला आहे. जाळीखाली पहिल्या तीनचार रांगा मावतात. मागचे उन्हात राहतात. तरी त्या जाळीच्या कडेशी पोचल्यावर लोकांचे खांदे सैल होतात, हे मी पाहिलं आहे. इंजिनाला त्या सावलीने काही फरक पडत नाही. माणसाला पडतो.

म्हणून दोन गोष्टी मागायच्या आहेत. एक तुमच्याकडे. सिग्नलचा आकडा तिसाच्या वर दिसला तर किल्ली फिरवा. तुमच्या इंजिनासाठी नसेल तर मागच्या माणसाच्या पायांसाठी फिरवा, आणि जाळीखाली जागा असेल तर पुढे सरकून मागच्यालाही तिच्याखाली येऊ द्या. दुसरी मागणी महानगरपालिकांकडे, नागपूर, अकोला, अमरावती, चंद्रपूर, सगळ्यांकडे. जाळ्या मे उजाडल्यावर लावू नका, होळी झाली की लावा, आणि चौकाच्या चारही बाजूंना लावा. अकोल्यात आणि चंद्रपुरात पारा मार्चअखेरीसच चाळिशी गाठतो.